चार रंगांचा हॉल

राजाभाऊंना अमेरिकेचा फार राग आला होता. कुवेतमधल्या मराठी मंडळाचे ते अध्यक्ष, फोनवर इतके तापले होते की हे आता अमेरिकी वकिलातीसमोर उपोषणाला बसतात की काय, असं जुईलीला वाटलं.

"काय माणसं आहेत गं ही! लढाईवरून परत आलेला सैनिक, आणि त्याला घराला कर्ज नाही? का, तर कातडी काळी! मी चारुशीलाला वाचून दाखवलं, तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पगारेंनी लिहिलंय मात्र अप्रतिम. आपल्या स्मरणिकेत असा लेख आजवर झाला नाही."

"थँक यू, काका."

"फक्त एक. शेवटचं पान तेवढं आपण घेत नाही आहोत."

जुईलीसमोर तिच्या वडिलांचं, आबांचं टेबल होतं, आणि टेबलावर तेच पान होतं.

"लेखाला तशी त्याची गरजच नाही," राजाभाऊ म्हणाले. "विषय चाललाय अमेरिकेचा आणि शेवटी एकदम आपला हॉल. रसभंग होतो. शुक्रवारी येतो आम्ही, सविस्तर बोलू. तसंही तुला भेटायला यायचं राहिलंच आहे."

राहिलं होतं खरंच. आबांना जाऊन एकेचाळीस दिवस झाले होते. ते गेले त्या दिवशी गोदाभीमा मित्रमंडळाच्या ग्रुपवर चौऱ्याण्णव जणांनी हात जोडले होते, सगळे अंगठ्यानं. शवागाराच्या दारात दोन दिवस कागदपत्रांसाठी उभा राहिला तो रत्नागिरीचा मुझफ्फर, भाजी आणि नारळ पुरवणारा. तो मंडळाचा सभासद नव्हता. मराठी घरात जन्मलेल्या, मराठीत भांडणाऱ्या आणि मराठीतच स्वप्नं बघणाऱ्या मुझफ्फरला सभासदत्वाचा फॉर्म कुणी कधी दिला नव्हता. नाकारलाही नव्हता. फक्त दिला नव्हता.

आबा म्हणजे यशवंत पगारे, मूळचे नाशिकरोडचे, कुवेतमधल्या एका कंपनीत सव्वीस वर्षं ड्राफ्ट्समन. तेलाच्या प्रकल्पातला पाइप कुठून निघतो, कुठे वळतो, कुठे झडप बसते, हे कागदावर काढायचं काम. ऑफिसात सगळं केव्हाच संगणकावर गेलं होतं, पण रुमैथियातल्या या घरात ते टेबलाशी बसले की पेन आणि मोजपट्टीच हातात घेत. जुईलीची आई गेल्यावर तर संध्याकाळच्या संध्याकाळ ते तिथेच बसत. जुईली एका भारतीय शाळेत ग्रंथपाल होती. आबा मागतील ती पुस्तकं ती आणून देई, आणि सात महिने ते अमेरिकेवरची पुस्तकं मागत होते.

याचं कारण लेनर्ड. लेनर्ड टॉलिव्हर शिकागोचा, साठीचा, काळा. आबांनी काढलेला नकाशा तपासून त्यावर सही करायची ही त्याची नोकरी, आणि तिला पगार आबांच्या चौपट. इथे पगार हाताला नसतो, पासपोर्टला असतो, हे दोघांनाही पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आबांनी ते एकदा डबा खाताना बोलूनही दाखवलं, "तुझ्या आजोबांना ज्या देशानं घर घेऊ दिलं नाही, त्याच देशाचं निळं पुस्तक इथे तुला माझ्या चौपट देतं." लेनर्ड आधी खो-खो हसला. मग म्हणाला, "आणि मी ते घेतो, यश. लिही हेही." आबांनी लिहिलं.

लेख त्या आजोबांचा होता. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी युरोपात सैन्याचे ट्रक चालवले. परत आल्यावर सरकारनं सैनिकांना स्वस्त घरकर्ज जाहीर केलं. कर्ज मात्र द्यायचं बँकेनं, आणि बँक चालायची सरकारी खात्यांनी आखून दिलेल्या हिशोबानं. शहराचे नकाशे काढलेले होते, चार रंगांत. हिरव्या भागात कर्ज डोळे मिटून. निळ्यात विचार करून. पिवळ्यात नाखुशीनं. लाल भागात नाही म्हणजे नाही, आणि काळी माणसं राहतात तो भाग लाल. मग त्यांनी हिरव्यात जावं, तर तिथल्या खरेदीखतांतच लिहिलेलं की हे घर काळ्या माणसाला विकता येणार नाही. शेवटी आजोबांनी एका दलालाकडून दुप्पट किमतीला हप्त्यांनी घर घेतलं. खत दलालाच्याच नावावर. अकरा वर्षं हप्ते भरले. एक चुकला. घर गेलं.

पुढचं आबांनी फार थंडपणे लिहिलं होतं. लाल भागात घरांना किंमत नाही म्हणून घरपट्टी कमी, घरपट्टी कमी म्हणून शाळा गरीब, आणि पन्नास वर्षांनी त्याच शाळेतल्या मुलांकडे बोट दाखवून लोक म्हणतात, बघा, यांना शिकायलाच नको. पुढे कायदे बदलले. नकाशे कपाटात गेले. तीन वर्षांपूर्वी लेनर्डची आई गेली आणि तिचं स्वतःच्या नावावरचं घर विकायला काढलं. किंमत ठरवणारा माणूस आला आणि त्यानं ती फारच कमी लावली. तेव्हा लेनर्डच्या बहिणीनं भिंतींवरचे घरातल्या माणसांचे सगळे फोटो उतरवले, एका गोऱ्या मैत्रिणीला मालकीण म्हणून उभं केलं आणि दुसऱ्या माणसाला बोलावलं. "आईचा फोटो उतरवल्यावर घराची किंमत वाढली," हे लेनर्डचं वाक्य आबांनी तसंच ठेवलं होतं. त्याच्या पुढेमागे एक शब्द नव्हता.

चारुशीलाकाकूंच्या डोळ्यांत पाणी आलं ते इथपर्यंत वाचून. यानंतर शेवटचं पान होतं.

शेवटच्या पानावर मजकूर तीन ओळींचा. "अमेरिकेनं निदान नकाशा काढला. कागद आहे, म्हणून आज पुरावा आहे. आमच्या मंडळाकडे कागद नाही, म्हणून मी काढला." खाली मंडळाच्या गणपतीचा हॉल, शंभरास एक या प्रमाणात. बावीस वर्षं याच हॉलच्या मखराचे आणि मंचाचे आराखडे आबांनीच करून दिले होते, त्यामुळे माप चुकण्याचा प्रश्न नव्हता. मंचासमोरच्या तीन रांगा हिरव्या. तिथे बसणाऱ्या जोडप्यांना संध्याकाळच्या आरतीचा मान मिळतो. त्यामागे निळं, इंजिनिअर लोकांचं. मग पिवळं. तिथे दुसऱ्या खांबाजवळ एका खुर्चीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं: "पगारे, बावीस वर्षं. आरतीच्या यादीत नाव दोनदा आलं. पहिल्यांदा अध्यक्षांचे साडू पुण्याहून आले. दुसऱ्यांदा यादीच हरवली." स्वयंपाकघराच्या मागच्या दारापाशी, जिथे मुझफ्फर टेम्पो लावून नारळ उतरवतो आणि बाहेरच्या बाहेर जातो, तिथे लाल. एका कोपऱ्यात मंडळाच्या ग्रुपवरची जाहिरात उतरवलेली होती: "एगैला येथे खोली देणे आहे, फक्त महाराष्ट्रीय कुटुंबास. पूर्ण नाव कळवावे." पूर्ण नाव कशाला हवं असतं, हे आबांनी लिहिलं नव्हतं. वाचणाऱ्याला माहीत असणार होतं.

"छापून आलं की मला मोठ्यानं वाचून दाखव," आबा म्हणाले होते. "शेवटचं पान वाचायचं नाही, नुसतं धरायचं." त्यानंतर नऊ दिवसांनी, सकाळी बूट घालता घालता ते गेले. ते पान लोकांसमोर यावं एवढं एकच काम आता तिच्याकडे उरलं होतं. बाकीचं सगळं, बँक, इकामा म्हणजे राहण्याच्या परवान्याचे कागद, कंपनीचे हिशोब, इतरांनीही केलं असतं.

शुक्रवारी अकरा वाजता ते आले. राजाभाऊ, चारुशीलाकाकू, आणि स्मरणिकेचा संपादक जयदीप, जो आबांच्याच ऑफिसात पाइपिंग डिझायनर होता आणि ज्याला हातात पेन धरायलाही आबांनीच शिकवलं होतं. काकूंनी खजुराचा डबा टेबलावर ठेवला आणि घर डोळ्यांनी मोजलं.

"तेरावा वगैरे सगळं नीट झालं ना गं नाशिकला?"

"आमच्यात पुण्यानुमोदन असतं, काकू. झालं."

"हो हो, तेच ते. नावं वेगळी, दुसरं काय."

नावं वेगळी, दुसरं काय. बावीस वर्षं नेमकं हेच तर चाललं होतं, असं जुईलीच्या मनात आलं. ती पाणी आणायला उठली.

स्वयंपाकघरात लेनर्ड होता. आबा गेल्यापासून दर शुक्रवारी तो काहीतरी शिजवून आणायचा. त्यांच्याकडे मरण झालेल्या घरी चूल पेटू देत नाहीत म्हणे, महिने महिने शेजारी डबे पोचवतात. आज त्यानं चवळी-भात आणला होता आणि तो गरम करत होता. तो ट्रे घेऊन बाहेर आला तशी काकूंनी पर्स मांडीवर घेतली. जुईली म्हणाली, "हे मिस्टर टॉलिव्हर. आबांचे मित्र. अमेरिकेचे."

अमेरिका हा शब्द ऐकून राजाभाऊ खुर्चीतून उठलेच. परवा फोनवर ज्या देशाची सालटी काढली होती त्याच्यापुढे ते कमरेत वाकले. "सर! ग्रेट कंट्री, सर! माय सन इज देअर. व्हेरी ग्रेट कंट्री!"

"इट हॅज इट्स डेज," लेनर्ड म्हणाला आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला.

पाहुणे मराठीत परतले. कुणाला मराठी कळत नसलं की त्याच्यासमोर काहीही बोलता येतं, ही परदेशात राहणाऱ्या आपल्या माणसांची जुनी समजूत आहे.

"आदित्यनं घर घेतलं, बरं का, डॅलसला," राजाभाऊ जयदीपला सांगू लागले. "चार बेडरूम. शाळा एक नंबर. आणि वस्ती कशी, तर सगळे आपले लोक आणि गोरे. ते तसले कुणी नाहीत. आदित्यनं एजंटला आधीच विचारून घेतलं. हो, नंतर कटकट नको."

"आणि किंमत पडत नाही ना मग," काकू म्हणाल्या.

लेनर्डला त्यातलं डॅलस तेवढं कळलं. त्यानं जुईलीकडे पाहून सहज विचारलं, डॅलसचं काय म्हणतायत?

राजाभाऊंचा हात खजुरावर थांबला. काकूंनी जुईलीकडे असं बघितलं, जसं लहान मुलाला पाहुण्यांसमोर बघतात.

जुईलीनं आवाज चढवला नाही. ती रोज मुलांना पुस्तकातले उतारे वाचून दाखवते तशी, न अडखळता, तिनं इंग्रजीत सांगितलं: त्यांच्या मुलानं घर घेतलं आहे. शाळा उत्तम आहे. वस्तीत भारतीय आणि गोरे आहेत, तुमच्यासारखं कुणी नाही. ते मुलानं आधी विचारून घेतलं, कारण तुम्ही आलात की किंमत पडते.

लेनर्डनं मान हलवली. तो दुखावल्यासारखा दिसला नाही. साठ वर्षं एकच विनोद ऐकत आलेल्या माणसासारखा दिसला. "म्हणजे हिरव्यात मिळालं," तो म्हणाला. "मुलाचं अभिनंदन करा माझ्याकडून."

"नो, नो, सर, मिसअंडरस्टँडिंग!" राजाभाऊ लाल झाले. मग मराठीत, दबक्या आवाजात, "तुला काय गरज होती गं?"

"त्यांनी विचारलं, काका."

"विचारलं म्हणून सगळं सांगायचं असतं?"

"आबांनी तेच तर केलंय."

जयदीपनं खाकरून विषय लेखावर आणला. समितीचं एकमत आहे, तो म्हणाला. लेख जाईल, पहिलाच जाईल, आबांच्या फोटोसह. फक्त नकाशा नको. लोक दुखावतील, सणाचे दिवस आहेत, बायकापोरं वाचतात.

"अमेरिकेचं वाचून बायकापोरं दुखावणार नाहीत?"

"ते लांबचं आहे गं," काकू मनापासून म्हणाल्या.

"आणि नकाशा गेला नाही तर?"

"तर मग लेखच नाही," राजाभाऊ म्हणाले. "माझाही नाइलाज आहे, बेटा. गेलेल्या माणसाविषयी आदर आहे म्हणून तर एवढं करतोय."

जुईली टेबलावरच्या पानाकडे बघत राहिली. सात-आठ वर्षांची असताना ती आबांच्या मांडीवर बसून त्यांचे कागद बघायची. पाइपांच्या त्या जंजाळात मधूनच गुबगुबीत ढग काढलेले असायचे. ऑफिसात आबा ढग काढतात, असं तिनं शाळेत सांगितलंही होतं. "ढग नाहीत गं ते," आबांनी समजावलं होतं. नकाशातली रेघ बदलली किंवा काढून टाकली, तर त्या जागेभोवती ढगासारखं कडं काढायचं. शेजारी त्रिकोणात आकडा, आणि खाली चौकटीत लिहायचं: काय काढलं, कुणी काढलं, कुठल्या तारखेला. "बदल करायला मनाई नाही. लपवायला मनाई आहे. उद्या पाइप फुटला तर कळायला नको?"

"ठीक आहे," ती म्हणाली. "नकाशा वगळा. पण त्याचं पान रिकामं ठेवा, त्याच्याभोवती ढग काढा, आणि खाली चौकट."

"ढग?" राजाभाऊंचा जीव भांड्यात पडला. "अगं, काढ की! ढग काढायला काय जातंय? उलट छान सजावट होईल. काय रे जयदीप?"

जयदीपनं डब्यातला एक खजूर उचलून तोंडात टाकला. ढग म्हणजे काय ते त्याला माहीत होतं. लेनर्डलाही, "क्लाउड" एवढा एकच शब्द जुईलीनं त्याच्याकडे टाकल्यावर, सगळं कळलं. तो पहिल्यांदाच गालात हसला. पाहुणे उठले. काकू जाताना म्हणाल्या, "हट्टी आहे हो, पण सरळ आहे पोर."

घरी गेल्यावर जयदीपनं राजाभाऊंना ढगाचा अर्थ सांगितला असणार. स्मरणिका छापून आली तिच्यात लेख होता, फोटो होता, फोटोखाली "कैलासवासी" होतं, जे बुद्धवंदनेनं निरोप दिलेल्या माणसाला लावताना कुणाचा हात अडखळला नव्हता. शेवटच्या पानावर पाऊण पान कोरं होतं आणि खालच्या पट्टीत एका सोनाराची जाहिरात. ढग नव्हता. चौकट नव्हती. लेख "आईचा फोटो उतरवल्यावर घराची किंमत वाढली" या वाक्यावर संपत होता, आणि वाचणाऱ्याला अमेरिकेचा राग यायला काहीही अडचण नव्हती.

हे तिला कळलं ते जयदीपमुळेच. गणपतीच्या आदल्या दिवशी सकाळी त्यानं बेल वाजवली. त्याच्या हातात खोका होता आणि खाली गाडीत आणखी चार.

"दीडशे प्रती आहेत," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "प्रेसमधून उचलल्यात. हॉलवर सहा वाजता पोचवायच्यात. मला एगैलाला काम आहे, गाडीत उन्हात राहिल्या तर बाइंडिंग सुटेल. तुझ्याकडे ठेवू का तोवर?"

"राजाभाऊंना माहीत आहे?"

"त्यांना वाटतंय, त्या प्रेसमध्येच आहेत." तो जिन्याकडे वळला. "मी भांडलो होतो, जुईली. समितीत."

"किती वेळ?"

खोके वर आणून तो निघून गेला. हा माणूस वाईट नव्हता, आणि त्याची चीड यायची ती यामुळेच. वाईट माणसाला निदान दोन्ही बाजू सांभाळायची घाई नसते.

तिनं लेनर्डला फोन केला. तो अर्ध्या तासात आला, चष्मा आणि घरातलं एक जुनं काळं पेन घेऊन. आबांच्या टेबलावर त्यांनी पहिली प्रत उघडली. जुईलीनं आबांचं पेन घेतलं, कोऱ्या जागेभोवती ढग काढला. पहिला वाकडा आला. तिसऱ्यापासून हात बसला. शेजारी त्रिकोण, त्रिकोणात एक. खाली चौकट आणि चौकटीत तिच्या बारीक अक्षरात: "या जागी हॉलचा नकाशा होता. काढणारे: यशवंत पगारे. वगळणारे: स्मरणिका समिती." मग राजाभाऊंचं पूर्ण नाव, जयदीपचं पूर्ण नाव आणि इंग्रजी आकड्यांत तारीख. प्रत लेनर्डकडे सरकवली की तो चष्म्यातून नीट बघायचा आणि कोपऱ्यात सही करायचा. तपासलं. सव्वीस वर्षांत आबांच्या कुठल्याही कागदावर त्यानं न बघता सही केली नव्हती, आणि आजही तो एकही प्रत न बघता सोडत नव्हता. चाळिसाव्या प्रतीत तिनं तारीख चुकवली, तर त्यानं ती परत पाठवली.

दुपारी त्यांनी लेनर्डनं गेल्या शुक्रवारी आणलेला, उरलेला चवळी-भात खाल्ला. ती रडली नाही. पेनातली शाई संपली तेव्हा मात्र तिला दोन मिनिटं उठून खिडकीशी जावं लागलं, कारण ती शाई आबांनी भरलेली होती. मग ती लेनर्डच्या पेनानं लिहू लागली.

पाच वाजता जयदीप आला. खोके बांधून तयार होते. त्यानं वरची प्रत काढली, मागचं पान उघडलं आणि बराच वेळ वाचलं.

"माझंही नाव?"

"तुम्ही समितीत आहात ना, जयदीपदादा?"

तो काहीतरी बोलायच्या बेतात होता. पण त्याचं लक्ष चौकटीच्या शेवटच्या ओळीकडे गेलं. ती जुईलीनं प्रत्येक प्रतीत सगळ्यात शेवटी लिहिली होती. त्यानं ती ओठ हलवत वाचली, प्रत मिटली, आणि पहिला खोका उचलला.

"मूळ नकाशा रुमैथियात, पगारेंच्या घरी आहे. कुणीही येऊन पाहावा. पूर्ण नाव कळवण्याची गरज नाही."